बाईनं कथा आद्याक्षरं लावून पाठवावी का?

ताई, तुम्ही नागपूरच्या, दोनेक वर्षांपासून कथा लिहिताय, आणि ओळखीतल्या एका लेखकानं तुम्हाला सांगितलं की बाईचं नाव दिसलं की कथा 'महिला विभागा'त जाते, तेव्हा नुसती आद्याक्षरं लावून पाठवा. पाठवावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी पाठवली होती, म्हणून उत्तर देते.

1990 च्या आसपास नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दिवाळी अंकाची प्रुफं मी घरी आणून तपासायची. आलेल्या मजकुराचे दोन गठ्ठे असत, सुतळीनं बांधलेले. एकावर चिठ्ठी 'कथा', दुसऱ्यावर 'महिला'. त्या वर्षी एका बाईंनी हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या टाळेबंदीवर कथा पाठवली होती. कारखान्याचं फाटक, थकलेला पगार, युनियनमधली भांडणं, सगळं त्यात. ती गेली 'महिला'त आणि छापून आली 'अनारसे का फसतात' याच्या शेजारी. सासू-सुनेची एक कथा मात्र 'कथा'त, कारण ती पुरुषानं लिहिली होती. मी संपादकांना विचारलं तर म्हणाले, "बाई, वाचकाले सोयीचं पडते." माणूस वाईट नव्हता. चहा पाजल्याशिवाय कधी सोडलं नाही.

पुढच्या वर्षी मी माझी कथा दुसऱ्या गावच्या अंकाला पाठवली, आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच लिहून. छापली, आणि चांगली पुढच्या पानांत छापली. मानधनाची मनिऑर्डर आली 'श्री.' लावून. मी तेव्हा बाहेर होते. पोस्टमननं श्री. म्हणजे घरातला पुरुष असं धरलं आणि दीडशे रुपये आमच्या ह्यांच्या हातावर ठेवले. ह्यांनीही सही ठोकली आणि त्यातून संध्याकाळी सांबारवडी आणली. (वडी उत्तम होती, ते नाकारत नाही.) खरा राग आला तो एका वाचकाच्या पत्रानं. 'लेखकाने स्त्रीमन किती अचूक पकडले आहे!' तेच बाईनं लिहिलं असतं तर त्यात पकडण्यासारखं काय, ते तर तिला ठाऊकच असणार, असं झालं असतं.

नाव लपवण्याची गोष्ट जुनीच आहे. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, यांना आडोसा हवा होता, कारण शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं उघड लिहिणं तेव्हा जड होतं. पण टोपणनावही त्यांनी बाईचंच घेतलं, हे मला फार आवडतं. त्याच्या पन्नास वर्षं आधी, 1882 मध्ये, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' सरळ स्वतःच्या नावानं छापलं. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले बाजूनं उभे राहिले. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही.

आणि नाव म्हणजे फक्त बाई की पुरुष एवढंच नसतं. आपल्याच नागपूरच्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' (1981) वाचलं नसेल तर आधी ते वाचा, माझं उत्तर नंतर. दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते, एम.ए. होते, आणि नोकरीसाठी दारोदार फिरते. शेवटी नोकरी मिळाली तेव्हा त्यांनी लिहून ठेवलं की ती माहेरच्या सोमकुवर आडनावाला मिळाली नाही, लग्नानंतरच्या पावडे आडनावाला मिळाली. आद्याक्षरांनी तुमचं बाईपण झाकेल, आडनाव कुठं झाकणार?

तुमचे लेखकमित्र खोटं बोलत नाहीत. साहित्य संमेलन सुरू झालं 1878 ला, पहिली बाई अध्यक्ष व्हायला 1961 उजाडलं. ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. इथे नागपुरात इंग्रजी शिकवायच्या, कथा आणि समीक्षा दोन्हीत पक्क्या. तरी अजून कार्यक्रमात कोणी ना कोणी 'कवी अनिलांच्या पत्नी' इथूनच ओळख सुरू करतो. अनिल तीनच वर्षं आधी, मालवणला अध्यक्ष झाले होते. त्यांना कुसुमावतींचे पती म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. दिल्लीच्या 98 व्या संमेलनापर्यंत मोजल्या तर बायका सहा. कुसुमावतींनंतर दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर.

तरीही माझं मत: पूर्ण नावानं पाठवा. मी आद्याक्षरांची कथा छापून आणली, पण पुढची कथा माझ्या नावानं गेली तेव्हा संपादकांच्या लेखी मी नवखीच होते. आधीचं श्रेय त्या 'श्री.'कडे राहिलं, आणि तो तर कुठे नव्हताच. घरच्यांच्या किंवा ऑफिसच्या भीतीनं टोपणनाव घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, ते कारण वेगळं आहे. पण मग पहिल्या कथेपासून तेच ठेवा.

पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात किंवा कुठल्याही वाचनालयात मिळाले तर चाळा. बायकांच्या कथा कोणत्या पानावर आहेत ते बघा. अनारशांशेजारी असतील तर दुसरा अंक शोधा. मार्चमधल्या महिला विशेषांकाला हवं तर द्या, पण त्यांनी दिवाळीतही मागितलं पाहिजे, हे त्यांना फोनवरच सांगून टाका. आणि मानधन थेट खात्यात येत असेल तर खाते क्रमांक तुमचा द्या, ह्यांचा नको.