नॉर्मन लिअर कोण होते? अमेरिकी टीव्हीच्या इतिहासात त्यांचं एवढं नाव का?

वर्णभेद, व्हिएतनाम युद्ध असे विषय त्यांनी थेट विनोदी मालिकेत आणले म्हणून. जन्म १९२२चा, कनेटिकटमधला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होते, नंतर टीव्हीसाठी विनोदी लेखन. १९७१ मध्ये सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर त्यांची ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका आली. मूळ कल्पना एका ब्रिटिश मालिकेची. त्यातला आर्ची बंकर हेकट, पूर्वग्रहांनी भरलेला, तरी घरातलाच वाटणारा. जावयाशी त्याची सतत जुंपायची. लोक आर्चीला हसतात की त्याच्या बाजूने हसतात, हा वाद तेव्हाही झाला, आणि माझ्या मते तो रास्त होता. त्यांच्याच ‘मॉड’ या मालिकेत तर नायिका गर्भपाताचा निर्णय घेते, तेही १९७२ साली! २०२३ मध्ये, वयाच्या १०१व्या वर्षी लिअर गेले.