दर सगळ्यात शेवटी बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

डिजिटल चलन बदलून घ्यायच्या, तू विचारलेल्या तिन्ही साइट्स मी नीट बघितल्या. तिसरी साइट टेलिग्रामवरच्या कोणीतरी सुचवली म्हणालीस आणि तिचा दर सगळ्यात चढा दिसतो. तिथे एक पैसाही पाठवू नकोस. चालवणाऱ्या कंपनीचं नाव नाही, देश नाही, पत्ता नाही, अटींचं पान उघडतच नाही. पैसे अडकले तर तू कोणाकडे दाद मागणार? याचं उत्तर मिळत नसेल तर तिथला दर बघायचाच कशाला?

यूएसडीटीचे, म्हणजे डॉलरच्या किमतीला बांधलेल्या त्या डिजिटल चलनाचे, बिटकॉइन करायचे असोत, लाइटकॉइन करायचे असोत किंवा रुपये, तुझी निवड याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. तुम्ही मुलं उलट्या बाजूने सुरुवात करता. चार साइट्स उघडायच्या, दर ताडून बघायचे आणि जास्त देईल तिथे पाठवून मोकळं व्हायचं. गुहागरात बसून परदेशातल्या लोकांना चित्रं काढून देतेस आणि त्यावर घराला हातभार लावतेस, याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच त्या कमाईतला रुपयाही वाटेत गळू नये असं वाटतं.

दराबद्दल बोलायचंच तर तुझ्या आजोबांची पद्धत आठव. वाशीच्या बाजाराला आंब्याच्या पेट्या गेल्या की बाजारात काय भाव फुटला याच्या बातम्या गावभर यायच्या, पण ते पट्टी, म्हणजे दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब, हातात येईपर्यंत काही बोलायचे नाहीत. पट्टी आली की भाडं, हमाली, डागी फळाची वजावट हे सगळं ओलांडून नजर थेट तळाच्या आकड्यावर. तूही इथे तेच कर. समज, ३०० यूएसडीटी बदलायचे आहेत. एक साइट ‘शून्य शुल्क’ म्हणते, पण तिचा दर बाजारभावापेक्षा २ टक्के कमी आहे. तुझे ६ यूएसडीटी गेले आणि पावतीवर कुठे दिसलेही नाहीत. दुसरी अर्धा टक्का शुल्क उघड सांगते आणि नेटवर्कचा, म्हणजे रक्कम ज्या वाटेने जाते तिचा, १ यूएसडीटी लावते. तिथे अडीच गेले. पहिली फुकट म्हणवते आणि दुपटीहून जास्त घेते. म्हणून पाठवण्याआधी एकच आकडा विचार: माझ्या वॉलेटात (डिजिटल चलन ठेवायच्या माझ्या पाकिटात) शेवटी नक्की किती पडणार? जी साइट तो आकडा आधी दाखवत नाही ती सोडून दे.

त्यातही ‘स्थिर दर’ आणि ‘बदलता दर’ असे दोन पर्याय असतात. स्थिर दराला थोडं जास्त कापतात, पण दाखवला तेवढा मिळतो, आणि तो ठरावीक मिनिटांपुरताच धरून ठेवतात. बदलत्या दरात तुझे पैसे त्यांच्याकडे पोहोचून नक्की होईपर्यंत बाजार जिथे जाईल तो दर तुझा. लहान रकमेला मी स्थिर दरच घेईन. मात्र आपल्याकडे जून-जुलैत रेंज कधी जाईल सांगता येत नाही. मुदतीच्या आत पैसे पोहोचले नाहीत तर बऱ्याच सेवा नवा दर लावतात किंवा रक्कम परत पाठवायला निघतात, आणि परतीचा पत्ता तू दिलेला नसेल तर तिथून पुढे नुसता पत्रव्यवहार. म्हणून परतीचा पत्ता आधी भर, मगच पाठव. आणि वारा सुटलाय, लाइट येतेय-जातेय अशा दिवशी हे काम काढू नकोस.

आता नेटवर्क. यूएसडीटी एकच वाटतं, पण ते इथेरियमवर ईआरसी-२० म्हणून फिरतं, ट्रॉनवर टीआरसी-२० म्हणून, बीएनबी चेनवर बीईपी-२० म्हणून. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी ‘टी’ने सुरू होतो, त्यामुळे तो वेगळा ओळखू येतो. इथेरियम आणि बीएनबी चेन या दोघांचेही पत्ते ‘शून्य-एक्स’ने सुरू होतात आणि दिसायला अगदी सारखे असतात. तिथेच माणसं फसतात. समोरची सेवा ज्या नेटवर्कवर पैसे घेते ते सोडून भलत्यावर पाठवलेस तर ते परत मिळणं त्यांच्या मर्जीवर राहतं, आणि कित्येकदा मिळतच नाहीत. एक्सआरपी किंवा स्टेलर ही चलनं एखाद्या सेवेकडे पाठवलीस तर पत्त्याबरोबर बहुधा टॅग किंवा मेमो नावाची खूण लागते. ती विसरू नकोस.

पत्ता कॉपी-पेस्ट केल्यावर नुसती पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघून समाधान मानू नकोस. तुझ्या नेहमीच्या पत्त्याशी दोन्ही टोकं जुळतील असा पत्ता मुद्दाम तयार करून त्यावरून तुला क्षुल्लक रक्कम पाठवणारे लोक आहेत. पुढच्या वेळी तू जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलावास, एवढीच त्यांची वाट बघणं. म्हणून यादीतून कधीच उचलू नकोस आणि मधली अक्षरंही वाच. साइटचंही तसंच. गुगलवर नाव शोधलं की वर जाहिरातीत हुबेहूब दिसणारी, एखादं अक्षर बदललेली साइट येऊ शकते. खरा पत्ता एकदा खात्री करून ब्राउझरमध्ये जपून ठेव आणि तिथूनच जा.

आता तुझा लाडका मुद्दा, ‘केवायसी नको’. आधार-पॅन कुठेही देऊ नये ही तुझी भीती रास्त आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण ओळख न विचारणाऱ्या सेवांचा इतिहास काय सांगतो ते ऐक. कोस्टा रिकातली लिबर्टी रिझर्व्ह ही अशीच सेवा होती, खोट्या नावानेही खातं निघायचं. मे २०१३ मध्ये अमेरिकेने ती बंद पाडली आणि तिच्या संस्थापकाला २०१६ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. बीटीसी-ई हे बिटकॉइन बदलून देणारं एक्स्चेंज जुलै २०१७ मध्ये तसंच एका फटक्यात बंद झालं. प्रामाणिक लोकांचे पैसेही त्या दिवशी आत होते. आताच्या झटपट अदलाबदल सेवांमध्ये आणखी एक गोष्ट आहे. जाहिरात ‘केवायसी नाही’ अशी, पण अटींत खाली लिहिलेलं असतं की व्यवहार संशयास्पद वाटला तर रक्कम थांबवून कागदपत्रं मागू. म्हणजे ओळख विचारणार, पण तुझे पैसे त्यांच्या हातात गेल्यावर. त्यापेक्षा आधी विचारणारा बरा.

आपल्याकडे ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने या सेवा मनी लाँडरिंग कायद्याखाली आल्या आणि त्यांना फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करणं भाग पडलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांची अॅप्स आपल्या फोनच्या स्टोअरमधून गायब झाली. काहींनी नंतर नोंदणी करून परत प्रवेश मिळवला. तुझी पहिली चाळणी हीच असू दे: नोंदणी आहे की नाही.

पण नोंदणी म्हणजे हमी नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. ग्राहकांचे पैसे अडकले आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. म्हणून एक्स्चेंज हे बदलण्याचं ठिकाण आहे, साठवण्याचं नाही. काम झालं की रक्कम बाहेर काढायची, बँकेत किंवा स्वतःच्या वॉलेटात. आणि एखादी सेवा निवडताना आधी थोडीशी रक्कम आत टाकून बाहेर काढून बघ. आत घेताना सगळेच हसतमुख असतात. बाहेर काढताना किती वेळ लागतो, काय कापतात, मदतीला माणूस बोलतो की यंत्र, यावरून त्यांची परीक्षा कर. पैसे काढायला ‘आधी कर भरा’ किंवा ‘खातं उघडं करायला शुल्क भरा’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांब. ती फसवणूक असते.

पीटूपीबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण याचे चटके मी जवळून पाहिलेत. यात तू यूएसडीटी देतेस आणि कोणी अनोळखी माणूस तुझ्या बँक खात्यात रुपये टाकतो. दर चांगला मिळतो हे खरं. पण ते रुपये कुठून आले हे तुला कळायला मार्ग नाही. माझ्याकडे येणारा दापोलीकडचा एक मुलगा बोटीवर नोकरीला आहे. गणपतीला घरी आला आणि एटीएममधून पैसे निघेनात. त्याला रुपये देणाऱ्याने ते दुसऱ्याच कोणाची तरी फसवणूक करून मिळवले होते. ज्याची फसवणूक झाली त्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैशाचा माग काढत पोलीस खात्यामागून खातं गोठवत गेले आणि त्यात याचंही गेलं. बँक म्हणाली, परराज्यातल्या त्या पोलीस ठाण्याला लिहा. याने चॅट, ऑर्डरची पावती, वॉलेटची नोंद सगळं दिलं, तो निर्दोष होता, तरी खातं मोकळं व्हायला महिने गेले आणि सुट्टी संपून तो बोटीवर परतलाही. घरचं किराणा, आईची औषधं त्याच खात्यातून जायची. म्हणून सांगते, पीटूपी नको. रुपये हवे असतील तर नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजवर विकून थेट तुझ्या नावाच्या खात्यात घे, आणि त्यासाठी वेगळं खातं ठेव. आईबरोबरचं जोडखातं यात अजिबात आणू नकोस.

आता माझा प्रांत, कर. ज्या दिवशी यूएसडीटी तुझ्या वॉलेटात आले, त्या दिवशीची त्यांची रुपयातली किंमत हे तुझं कामाचं उत्पन्न. पुढे ते विकलेस किंवा त्यांचे बिटकॉइन केलेस की तो वेगळा व्यवहार. होय, एका डिजिटल चलनाचं दुसरं केलं तरी कायदा त्याला हस्तांतरणच मानतो. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. वजावट फक्त खरेदी किमतीची, शुल्क-बिल्क काही वजा होत नाही. एकात झालेला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही. शिवाय १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस, तो नफ्यावर नसून पूर्ण रकमेवर. लाखाच्या व्यवहाराला हजार रुपये. तो कर भरताना जमेस धरला जातो, पण तोवर तुझ्या हातातून गेलेला असतो. यूएसडीटीचे बिटकॉइन, मग बिटकॉइनचे रुपये असा फेरा घातलास तर तो दोनदा कापला जाईल. म्हणून जितके टप्पे कमी तितकं चांगलं. बिटकॉइन जवळ ठेवायचेच असतील तर ठेव, तो तुझा निर्णय, पण नुसते ‘मधले’ म्हणून घेऊ नकोस.

खरं सांगायचं तर माझा आग्रह वेगळाच आहे. त्या परदेशी ग्राहकाला एकदा विचार, पैसे बँकेमार्फत पाठवशील का? परकीय चलन बँकेतून आलं की त्याचा कागद मिळतो, आणि उद्या घरासाठी किंवा लॅपटॉपसाठी कर्ज मागायला गेलीस की तो कागदच बोलतो. सगळेच नाही म्हणतील असं नाही.

वॉलेट परत उघडायला लागणारे ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द फोनमध्ये फोटो काढून ठेवले असशील तर आजच पुसून टाक. कागदावर लिही, पण आपल्या पावसात नुसता कागद टिकत नाही. ओल येते, बुरशी धरते, वाळवी लागते. एक प्रत धातूच्या पत्र्यावर स्वतःच्या हाताने कोर, दुसरी जाड प्लास्टिकमध्ये बंद करून दुसऱ्या घरी ठेव, मामाकडे ठेवलीस तरी चालेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पत्रे उडाले, कपाटं भिजली, कित्येक गावांत रेंज आणि वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा वेळी एसएमएसच्या ओटीपीवर सगळं अवलंबून असेल तर तू स्वतःच्याच पैशापासून तुटशील. फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अॅप लाव आणि त्याचे राखीव कोडही त्याच प्लास्टिकमध्ये ठेव.

आता लगेच करण्याजोगं. तू सांगितलेल्या पहिल्या दोन साइट्सपैकी भारतात नोंदणी असलेली पहिली घे. तिच्यावर २० यूएसडीटी पाठव, रुपये करून खात्यात घे, आणि तळाचा आकडा मला कळव. एप्रिलपासूनच्या सगळ्या व्यवहारांची फाइल डाउनलोड कर. प्रत्येकापुढे तारीख, व्यवहार क्रमांक आणि त्या दिवशीची रुपयातली किंमत लिही. सेवा बंद पडली की हे तपशील मिळत नाहीत, म्हणून दर महिन्याला काढून ठेवायची सवय लाव. चिपळूणला येशील तेव्हा ती फाइल आण. ऑफिसात बसून टीडीएस जुळवून बघू आणि रिटर्नचा मसुदा तिथेच करून टाकू.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी