तुमचे प्रश्न : पोर्ट आणि लोकलची गर्दी

प्रश्न : आईला (वय ५८) डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो चालू आहे. महिन्यापूर्वी उजव्या कॉलरबोनखाली पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली ठेवतात ती रबरी झाकणाची छोटी डबी, तिची नळी शिरेत जाते) बसवला. ती सारखी तिथे चाचपते, त्या कुशीवर झोपत नाही, डोंबिवलीहून परळला लोकलने नको म्हणते. धक्क्याने पोर्ट सरकेल का? गेल्या वेळी त्यातून रक्त आलं नाही म्हणून नर्सने केमो थांबवली. असं का?

उत्तर : गर्दीतल्या धक्क्याने दुखेल, पण पोर्ट सहसा सरकत नाही. त्वचेखाली त्याच्यासाठी केलेल्या खिशात एव्हाना तो धरलेला असतो. चाचपण्याचा चाळा मात्र सोडवा. सतत फिरवल्याने क्वचित डबी उलटते आणि सुई जिथे टोचायची ते रबर सापडत नाही. पर्सचा पट्टा डाव्या खांद्यावर घ्यावा. मंगळसूत्र किंवा ब्लाउजची कड घासत असेल तर मध्ये मऊ सुती रुमाल ठेवावा. जखम भरली असेल तर उजव्या कुशीवर झोपायला हरकत नाही.

‘पोर्टमुळे हाताच्या शिरा वाचल्या’ म्हणणाऱ्या बायकांनाही आंघोळीच्या वेळी तो उंचवटा हाताला लागला की आजार आठवतो. आईला ‘विसरून जा’ सांगू नका, त्याने काही होत नाही.

नर्सचं बरोबर होतं. नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. रक्त मागे आलं की सुई डबीत आणि नळी शिरेत आहे याची खात्री पटते. नाहीतर काही केमोची औषधं बाहेर झिरपून मांस जाळतात. बहुतेकदा टोकावर फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) पापुद्रा धरलेला असतो: सलाईन आत जातं, रक्त येत नाही. हात वर करून, खोकून, मान वळवून पाहतात; नाही जमलं तर गुठळी विरघळवणारं औषध किंवा एक्स-रे. सिरिंज निदान १० मिलीची हवी, छोटीचा दाब जास्त पडतो.

केमो संपल्यावरही पोर्ट ठेवला तर साधारण दर ४ आठवड्यांनी फ्लश करावा (औषधी पाणी सोडून नळी धुवावी). काही डॉक्टर जास्त अंतर ठेवतात. ताप १००.४ फॅरनहाइट झाला, फ्लशनंतर हुडहुडी भरली किंवा त्या बाजूचा हात, मान सुजली, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

गणपतीत कोकणात जाणार असाल तर तिथल्या दवाखान्यात साध्या सुईने पोर्ट टोचू देऊ नका. ती रबराचा तुकडा काढते आणि पोर्ट गळायला लागतो. ह्युबर सुई (रबराचा तुकडा न काढणारी, पोर्टसाठीची खास सुई) आणि ती लावता येणारी नर्स, यातलं एक जरी नसेल तर उजव्या हाताच्या शिरेतूनच सलाईन लावायला सांगा.