पहिली लाकडी ओंडक्यांची केबिन बांधतोयस? आधी एवढं बघ

अरे घाबरू नकोस, जमेल, फक्त प्लॅन आधी निम्मा कर. पहिल्यांदा बांधणारे मोठ्ठं घर काढतात आणि बर्फ पडायला लागला तरी छप्पर नसतं. एक खोली, वर झोपायला माळा, बास.

- पाया जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली ने, नाहीतर हिवाळ्यात माती फुगून कोपरा उचलते आणि मग दारच लागत नाही.
- छप्पर तीव्र उताराचं, वासे दणकट. ताजा बर्फ घनमीटरला साधारण 100 किलो, दबला की 300 वगैरे, आणि तो महिनोन्‌महिने तिथेच बसतो.
- ओल्या ओंडक्यांची भिंत वाळताना खाली बसते, उंचीच्या दर फुटाला अर्धा इंच तरी, म्हणून खिडकीच्या चौकटीवर फट सोडायचीच, बरेच जण विसरतात मग काच तडकते.

सांधे कसले करायचे ते नंतर बघू, आत्ता साल काढून लाकूड जमिनीपासून उंच रचून ठेव.