फोटो एडिटिंगसाठी जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी बसवावी का? एक की दोन?

आठ जीबी रॅम आणि एक टीबी हार्ड डिस्क असलेल्या आपल्या संगणकावर लाइटरूम व फोटोशॉप रखडतात, तेव्हा एसएसडीने (फिरते भाग नसलेल्या, चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कने) फरक पडेल का आणि एक मोठी घ्यावी की दोन लहान, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात लग्नसमारंभांचे फोटो काढतो, त्यामुळे त्या कामाच्या अंगाने सांगतो.

फरक निश्चित पडेल, पण सगळीकडे सारखा नाही. प्रीव्ह्यू (पडद्यावर पटकन दाखवण्यासाठीच्या फोटोंच्या प्रती) आधीच तयार केलेले असूनही, हळदीपासून वरातीपर्यंतच्या फोटोंतून निवड करताना बाणाचे बटण दाबल्यावर पुढचा फोटो क्षणभर धूसरच दिसत असेल, तर तो दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. फिरत्या तबकडीवर विखुरलेल्या फायली शोधण्यात तिचे दर वेळी काही मिलिसेकंद जातात, एसएसडीला मात्र एक मिलिसेकंदही लागत नाही. याउलट एक्स्पोजरचा स्लायडर ओढताना होणारा उशीर प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डामुळे होतो, आणि तिथे महागडी एसएसडीही काही करू शकत नाही.

माझ्या मते 500 जीबीची एकच एसएसडी पुरे. तिच्यावर विंडोज, सॉफ्टवेअर, लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची व त्यांतल्या बदलांची नोंद), प्रीव्ह्यू, कॅमेरा रॉ कॅशे (फोटो लवकर उघडावेत म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फायली) आणि हातातल्या कामाच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ, फायली ठेवाव्यात. मागची लग्ने आणि गड्डा यात्रेचे फोटो जुन्या हार्ड डिस्कवर खुशाल राहू द्यावेत. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर तात्पुरत्या फायली ठेवण्याची जागा, वेगळी हवी, हा सल्ला मुख्यतः हार्ड डिस्कच्या एकाच हेडला (वाचण्या-लिहिण्याच्या टोकाला) दोन ठिकाणी धावावे लागे त्या काळातला आहे. उरलेल्या पैशांत रॅम 16 जीबी करावी, किंबहुना फोटोशॉप चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी काठोकाठ भरलेली दिसली, तर आधी रॅमच घ्यावी.

खरेदीपूर्वी मदरबोर्डचे मॅन्युअल जरूर पाहावे, कारण एम.2 खाचेत (बोर्डावरील पट्टीसारख्या एसएसडीच्या जागेत) साटा (जुनी, कमी वेगाची जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, जास्त वेगाची जोडणी) अशा दोन्ही प्रकारच्या एसएसडी दिसायला जवळपास सारख्या असतात आणि बरेच जुने बोर्ड एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करू शकत नाहीत. अडीच इंची साटा एसएसडी सेकंदाला सुमारे 550 एमबी वाचते, तेवढा वेग या कामाला भरपूर आहे. एनव्हीएमई घेतलीच तर तिच्यावर हीटसिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारी धातूची पट्टी) बसवावा. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेली एसएसडी स्वतःच वेग कमी करते. बॅकअपसाठी मात्र बाहेरची वेगळी हार्ड डिस्क ठेवावी, कारण एसएसडी बिघडलीच तर अनेकदा कसलीही पूर्वसूचना न देता बंद पडते.