न्यूरोफीडबॅकचे यंत्र भाड्याने आणून घरी मुलाला सराव द्यावा का?

आपण लिहिले आहे की आपण दापोलीजवळच्या गावात राहता, आपल्या ११ वर्षांच्या मुलाचे अभ्यासात लक्ष टिकत नाही, पुण्यातील एक केंद्र न्यूरोफीडबॅकचे, म्हणजे मेंदूच्या लहरी पडद्यावर दाखवून त्या बदलण्याचा सराव देणारे, यंत्र दोन महिन्यांसाठी भाड्याने देण्यास तयार आहे आणि दर आठवड्याला घाट चढून जाण्यापेक्षा ते घरीच आणावे का, असा आपला प्रश्न आहे. मी गुहागर तालुक्यात राहतो, पूर्वी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे, आणि झोपेच्या तक्रारीसाठी मी असे यंत्र साडेतीन महिने भाड्याने घेतले होते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की प्रत्येक बैठकीची नोंद पाहणारा जाणकार यंत्राबरोबर मिळणार असेल तरच ते आणावे; नुसते यंत्र पार्सलने येणार असेल तर आणू नये.

याचे कारण यंत्राच्या कामातच आहे. मेंदूतील विजेची स्पंदने डोक्याच्या त्वचेवर पोहोचतात तेव्हा ती साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट एवढीच उरतात, म्हणजे पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टच्या पंधरा हजाराव्या हिश्शाएवढी किंवा त्याहूनही कमी. डोक्याच्या मधोमध एक इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवतात, दोन्ही कानांच्या पाळ्यांना एकेक चिमटा लावतात आणि ती स्पंदने ॲम्प्लिफायरमधून लॅपटॉपवर घेतात. ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ हेलकावे घेणाऱ्या, थीटा लहरी कमी झाल्या आणि १२ ते १५ हर्ट्झच्या लहरी वाढल्या की पडद्यावरचे विमान पुढे सरकते किंवा चित्र उजळते, आणि त्या बक्षिसाच्या मागे मेंदू हळूहळू जातो, अशी यामागची कल्पना आहे. ती पोकळ नाही. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बॅरी स्टरमन यांनी मांजरांना १२ ते १५ हर्ट्झची लय वाढवायला शिकवले, आणि पुढे रॉकेटच्या इंधनातील विषारी रसायनाने येणारे झटके त्याच मांजरांना उशिरा येतात, असे त्यांना आढळले. १९७६ साली जोएल लुबार यांनी हीच पद्धत एका अतिचंचल मुलासाठी वापरली, आणि आज आपल्याला सुचवला गेलेला सराव त्याच वाटेने आलेला आहे.

परंतु त्याच त्वचेवर कपाळाचे, जबड्याचे आणि मानेचे स्नायू मेंदूपेक्षा कितीतरी मोठ्याने बोलत असतात, आणि घरातील वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण त्याहूनही मोठी असते. माझी पहिली बैठक जूनमधल्या एका संध्याकाळी झाली. माजघरात पंखा चालू होता, लॅपटॉप चार्जरला लावलेला होता आणि सकाळी डोक्याला खोबरेल लावले होते. पडद्यावर लहरींच्या जागी काळा जाड पट्टा दिसत होता. मी चार्जर काढला तेव्हा तो पट्टा अर्धा बारीक झाला. पंखा बंद करून, केस शिकेकाईने धुऊन, त्वचा जेलने हलकेच घासून पुन्हा इलेक्ट्रोड लावला तेव्हा कुठे बारीक, डोलणारी रेषा दिसू लागली. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग मुळातच यथातथा असते आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की ते आणखी बिघडते, त्यामुळे आपल्याकडे ही गुणगुण नेहमीच त्रास देते. इलेक्ट्रोड डोक्यावर असताना लॅपटॉप कायम बॅटरीवरच चालवावा. त्यात सुरक्षितताही आहे, आणि वळवाच्या किंवा परतीच्या पावसात विजा कडाडत असताना बैठक घेऊच नये.

खरी चूक मात्र मला बाराव्या बैठकीत कळली. गुण एकाएकी वाढले होते आणि मी आनंदात होतो. मला मार्गदर्शन करणाऱ्या बाई व्हिडिओवर माझी नोंद पाहत होत्या. त्यांनी विचारले, “दात आवळून बसलात का?” मी खरोखरच दात आवळून बसलो होतो. जबड्याच्या स्नायूंची वीज जलद लहरींच्या पट्ट्यांत मिसळते आणि १२ ते १५ हर्ट्झच्या आकड्यातही झिरपते. तीच यंत्राने मेंदूची प्रगती म्हणून मोजली होती, आणि आधीच्या तीन बैठका मी विमान उडवण्यासाठी जबडा ताठ करायचा सराव करत होतो. मी प्रौढ माणूस, त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्षक, तरी मला ते कळले नाही. ११ वर्षांच्या मुलाला विमान पुढे न्यायचे असते, त्यामुळे कपाळाला आठ्या घातल्याने ते जाते हे त्याच्या शरीराला आपल्याआधी कळेल. आणखी एक गोष्ट म्हणजे अनेक यंत्रांत उंबरठा, म्हणजे बक्षिसासाठी लहरीने गाठायची पातळी, आपोआप खालीवर होतो, बक्षिसाचे प्रमाण कायम राहते आणि काहीही न बदलता मूल जिंकतच राहते. म्हणून कच्ची लहर पडद्यावर दिसते का आणि उंबरठा हाताने ठरवता येतो का, हे भाडे ठरवण्याआधी विचारावे.

आता परिणामांविषयी जे माहीत आहे ते आपल्याला स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. अमेरिकेत ७ ते १० वर्षांच्या, लक्ष न टिकण्याचा विकार असलेल्या मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना खरा सराव दिला आणि काहींना हुबेहूब तसाच दिसणारा खोटा सराव दिला. कोणाला काय मिळते आहे हे मुलांनाही ठाऊक नव्हते आणि पालकांनाही. ३८ बैठकांनंतर दोन्ही गटांतील मुले सुधारली, पण त्यांच्यात फरक दिसला नाही. झोपेबाबत साल्झबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जवळपास हेच दाखवले. माझी झोप सुधारली हे खरे आहे, परंतु त्याच काळात मी संध्याकाळचा चहा सोडला होता आणि रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास फोनविना शांत बसत होतो, त्यामुळे त्याचे श्रेय मी यंत्राला देऊ शकत नाही. आपल्या मुलाचे औषध चालू असेल तर या सरावाच्या भरवशावर ते कृपा करून थांबवू नका.

भाड्याचे पैसे भरण्याआधी मुलाची दृष्टी आणि श्रवणशक्ती तपासून घ्या, आणि वाचन-लेखनात त्याला खास अडचण आहे का हे बालमानसोपचारतज्ज्ञांकडून पाहून घ्या, कारण फळा न दिसणाऱ्या मुलाचेही लक्ष लागत नाही. त्यासाठी पुणेच गाठावे लागते असे नाही. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने अनेकजण बिचकतात, पण तेथील बाह्यरुग्ण विभागात जाऊन सल्ला विचारण्यात कमीपणा मानण्यासारखे काहीही नाही. टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सल्लासेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मुलाला कधी आकडी आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या सरावाला हातही लावू नये. तसेच भाड्याने येणारे यंत्र केवळ मोजणारेच आहे ना, याची खात्री करावी. डोक्याला सौम्य विद्युतप्रवाह देणारी उपकरणेही ‘ब्रेन ट्रेनिंग’ या नावाखाली मिळतात, आणि ती मुलावर घरच्या घरी वापरण्याची नाहीत.

हे सर्व पाहूनही आपण यंत्र आणणार असाल, तर बैठका आठवड्याला दोन किंवा तीन, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आतच ठेवा आणि साधारण २० बैठकांचा हिशेब धरा. त्यामुळे दोन महिने जेमतेम पुरतात, त्यातही वीज गेलेले दिवस आणि गणपती वजा करावे लागतात. खाऱ्या, दमट हवेने इलेक्ट्रोडच्या टोकांवर हिरवट थर चढतो. माझ्या अनामत रकमेतून त्यासाठी पैसे कापले गेले, आणि पुरवठादाराने त्याची कल्पना आधी दिली नव्हती. प्रत्येक वेळी टोके साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, आणि यंत्र हातात पडले त्या दिवशीच त्यांचे फोटो काढावेत.

त्याच दिवशी एक परीक्षाही करावी. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूलहरींच्या नोंदींतील ही सर्वांत साधी खूण आहे. इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या बाजूस, उंचवट्याच्या थोडा वर लावावा, एक मिनिट डोळे उघडे ठेवून नोंद घ्यावी आणि मग एक मिनिट डोळे मिटून घ्यावी. डोळे मिटताच सेकंदाला दहाच्या आसपास हेलकावे घेणारी मोठी, गुळगुळीत लहर उठली पाहिजे आणि डोळे उघडताच ती विरली पाहिजे. काही व्यक्तींत ती मुळातच क्षीण असते, म्हणून आपण स्वतः, मुलाचे वडील आणि मूल अशा तिघांवर ही परीक्षा करून पाहावी. तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर ती दिसली नाही, तर पेस्ट आणि जोडण्या पुन्हा तपासाव्यात, आणि तरीही दिसली नाही तर पहिली बैठक सुरू करण्याआधीच यंत्र परत पाठवावे.