चार्जर लावला की मॉनिटरमधून 'घूं': केबल राहू द्या, आधी घराचं अर्थिंग बघा

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपचा चार्जर लावला की दोन्ही मॉनिटरमधून (म्हणजे स्टुडिओ स्पीकरमधून) 'घूं' सुरू होतो आणि बॅटरीवर घेतलं की निम्म्यावर येतो. केबल तीनदा बदलून झाल्या. गाताना माइकच्या जाळीला ओठ लागला की झिणझिण्या येतात. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, जुनं. आणि दुकानदारानं सांगितलंय, "अर्थची पिन काढून टाका, आवाज जातो."

पिन काढू नका. बाकीचं उत्तर पुढं वाचलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका. आणि आज रात्री माइकवर गाऊ नका.

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन नाही. घरी बसून ट्रॅक करतो, जास्त करून हलगी आणि घुमकं रेकॉर्ड करून त्यावर सिंथ आणि बीट चढवतो. पण तुमच्या पोस्टमधली एकेक ओळ माझ्या घरात घडलेली आहे, त्यात माझे सात-आठ महिने आणि बरेच पैसे गेलेत, म्हणून सविस्तर लिहितोय. ड्रायव्हर, बफर, सॅम्पल रेट हे सॉफ्टवेअरमधलं तुम्ही बघितलं असणारच, त्यात शिरत नाही. बफरनं कटकट आवाज येतो, तुटक येतो, असा सलग घूं येत नाही.

आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेलच. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५० च्याही वर गेलं होतं. तळमजला बुडाला. माझं सामान माडीवर होतं, पाण्याचा थेंब लागला नाही. पाणी उतरल्यावर दिवाळीपर्यंत घराची डागडुजी चालली: गिलावा, फरशी, नळाची लाइन, सगळं. दिवाळीनंतर मी परत सेटअप लावला आणि पहिल्याच दिवशी घूं.

साहजिकच मला वाटलं, ओल. दोन महिने घरात दमट हवा, मशीनमध्ये बुरशी धरली असणार. तो तर्क इतका पटणारा होता की दुसरा विचारच मनात आला नाही. ओलीनं काय होतं हेही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडच्या पावसात ते सगळ्यांनाच होतं: व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर, जॅक हलवला की आवाज जातो-येतो. यावर कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, बटण वीस-तीस वेळा फिरवायचं, बहुतेक वेळा भागतं. पण ओलीनं ५० हर्ट्झचा सरळ, न थांबणारा सूर येत नाही. हा फरक मला तेव्हा कळला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

त्या सुरानं मला आणखी एका ठिकाणी फसवलं. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सगळ्यात खालच्या सप्तकांतला एक 'जी' (पाश्चात्त्य स्वर) ४९ हर्ट्झच्या जवळ पडतो. मी जी मध्ये बेस लावला की दर सेकंदाला एक लाट आल्यासारखा आवाज फुगायचा आणि बसायचा. मी चार दिवस सिंथचे दोन ऑसिलेटर (सूर तयार करणारे भाग) जुळवत बसलो. प्रत्यक्षात माझा ४९ आणि भिंतीतला ५० एकमेकांवर आदळत होते. तुमच्याकडे हे तपासणं सोपं आहे. काहीही न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज, याचा आलेख) बघा. ५०, १००, १५० अशा उभ्या काड्या दिसल्या तर दोष विजेच्या वाटेनं येतोय. त्याऐवजी बारीक, चिरका आवाज असेल आणि माउस हलवला की बदलत असेल, तर ते यूएसबीतून येणारं लॅपटॉपचं पोटातलं काम आहे. दोन्ही एकदम असू शकतात. माझ्याकडे होते.

आता जे मला सगळ्यात जास्त महाग पडलं ते. इंटरफेस, म्हणजे माइक आणि मॉनिटर लॅपटॉपला जोडणारं मशीन, वॉरंटीत होता. सर्व्हिस सेंटर पुण्यात. नाव लिहीत नाही, कारण नावाचा प्रश्न नाही. मी एसटीनं २३० किलोमीटर गेलो, मशीन दिलं. अठरा दिवसांनी फोन: "दोष आढळला नाही, घेऊन जा." घरी आणलं, लावलं, घूं. परत गेलो. या वेळी एक मॉनिटरही नेला, तो उचलून स्वारगेटपासून रिक्षा शोधताना खांदा भरून आला होता. काउंटरवरच्या माणसानं माझ्यासमोर लावून दाखवला. एकदम शांत. कान लावला तरी काही नाही. तो म्हणाला, "आमच्याकडे आवाज येत नाही, सर. तुम्ही केबल चांगली वापरा." आणि माझ्या पावतीवर शिक्का मारला.

आजही मला त्या क्षणाचा त्रास होतो. "आमच्याकडे येत नाही" हेच उत्तर होतं. तेच मशीन तिथं शांत आणि माझ्या घरी घूं, म्हणजे दोष मशीनमध्ये नाही, माझ्या घरात आहे. दोन वाक्यांचा हिशेब. तो त्यांनीही मांडला नाही आणि मीही नाही. मी अपमान झाल्यासारखा बाहेर पडलो, हे लोक नीट तपासत नाहीत एवढंच डोक्यात. त्या माणसानं फक्त एक प्रश्न विचारायला हवा होता: "घरातलं अर्थिंग कुणी बघितलंय का?" रोज अशी दहा मशीनं ज्याच्या टेबलावर येतात त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. विचारण्याची गरज वाटली नाही, कारण फॉर्मवर तो रकाना नव्हता.

परत आल्यावर तुमच्या दुकानदारासारखाच एक सल्ला मलाही मिळाला. मंडळांच्या डॉल्बीवर काम केलेल्या एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, मॉनिटरच्या दोन्ही वायरींची अर्थ पिन तोडून टाक. तोडली. घूं खरंच खूप कमी झाला. इथंच माणूस फसतो, कारण उपाय लागू पडल्यासारखा दिसतो. आठवड्यानं चालू मॉनिटरमध्ये मी आरसीएची केबल खुपसली, बारीक ठिणगी दिसली आणि इंटरफेसचं डावं आउटपुट कायमचं मेलं.

का मेलं ते मला नंतर समजलं. हल्लीच्या बहुतेक अर्थ पिनवाल्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर टाकलेले असतात, गडबड अर्थमध्ये सोडायला. अर्थच नसेल तर बॉडी दोघांच्या मध्ये लटकते, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा, म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या येतात. पण आरसीएच्या जॅकमध्ये मधली पिन आधी टेकते आणि बाहेरची कडी नंतर, त्यामुळे तो सगळा फरक पहिल्यांदा नाजूक आउटपुटमधून जातो. तुमच्या माइकवरच्या झिणझिण्या याच जातीच्या आहेत: चार्जर, लॅपटॉप, यूएसबी, इंटरफेस, केबलची जाळी, माइक, ओठ.

वॉरंटीत न बसणारी ही मोड घेऊन मार्च २०२० मध्ये मी तिसऱ्यांदा पुण्याला गेलो. मशीन तिथं आणि मी इथं असतानाच लॉकडाउन लागलं. जूनपर्यंत ते तिकडेच पडून.

उलगडा झाला तो फ्रिजमुळे. एप्रिलमध्ये आई म्हणाली, फ्रिजच्या दांडीला हात लावला की मुंग्या येतात. मामा आमच्याच गल्लीत राहतात, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या मेंटेनन्सला आयुष्य गेलं त्यांचं. कारखाना बंद, घरीच होते. मीटर घेऊन आले. प्लगमध्ये फेज ते न्यूट्रल २३१. फेज ते अर्थ ११८. न्यूट्रल ते अर्थ ११२. तीन आकडे बघून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आरं, अर्थ हाय कुठं तुझ्या घरात?"

मग त्यांनी घरातले सगळे प्लग उपसायला लावले, कुणालाही कशाला हात लावू दिला नाही आणि १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला. पेटला नाही. ही बल्बची चाचणी तुम्ही करू नका. अर्थ तुटलेला असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या बॉड्यांवर फेज जातो. जाणत्या माणसाचं काम आहे ते.

दोष कुठं होता? जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून दिलेली असायची, पाइप जमिनीत जातो म्हणून. आमच्याकडेही तसंच होतं, पन्नास वर्षं चाललं. पुरानंतर प्लंबरनं गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा टाकला. वायर तशीच नव्या पाइपला बांधून ठेवली, नीट, दोन पीळ देऊन. प्लास्टिकमधून जमिनीत काय जाणार? दिवाळीपासून घरातले सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले आणि जमिनीला मात्र कुठंच नाहीत, अशी अवस्था होती. म्हणजे गीझर लीक झाला असता तर फ्रिज, मिक्सर आणि माझा माइक, तिन्हींवर करंट आला असता आणि एमसीबी पडला नसता. मी ज्याला आवाजातली घाण समजत होतो ती घरातल्या माणसांसाठी धोक्याची सूचना होती. हे लिहिताना अजून पोटात गोळा येतो.

जूनमध्ये परसात खड्डा घेतला आणि पाइपचं अर्थिंग केलं: अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. सगळं मिळून ६,५०० रुपये लागले. माझ्या इंटरफेसच्या दुरुस्तीला आणि पुण्याच्या फेऱ्यांना याच्या जवळजवळ दुप्पट गेले होते. त्यानंतर न्यूट्रल ते अर्थ १ व्होल्टच्या आत आला. एप्रिल-मेमध्ये माती सुकली की आकडा चढतो, तेव्हा खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतला. तुम्ही एका वेळी एकच खर्च करणार असाल तर अर्थिंग आधी, मग हा, आणि नवा माइक त्यानंतर.

अर्थ आल्यावर घूं शंभर टक्के गेला का? नाही, थोडा उरला, आणि तो खरा ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन वाटांनी अर्थ मिळाल्यानं त्यांच्यात फिरणारा करंट. लॅपटॉप एका भिंतीच्या बोर्डवर, मॉनिटर दुसऱ्या भिंतीच्या. सगळं एकाच बोर्डवर आणलं आणि आरसीए सोडून बॅलन्स्ड टीआरएस केबल (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळी जाळी, त्यामुळे बाहेरची गडबड कटते) लावल्या, तो विषय तिथं संपला. केबलवर फार पैसे घालवू नका. सोन्याचा मुलामा वगैरे माझ्या मते फुकटचा खर्च, मात्र बॅलन्स्ड हवीच. स्पाइक गार्डनं अर्थ तयार होत नाही, त्याला स्वतःलाच अर्थ लागतो. यूएसबीतला चिरका आवाज घालवायला आयसोलेटर (विजेची जोडणी तोडून फक्त डेटा पुढं सोडणारी डबी) मिळतो, पण स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटचेच असतात आणि आपल्या बहुतेक इंटरफेसना ४८० लागतात, म्हणून तो घेण्याआधी वेग वाचा. माझ्याकडे त्याची गरज पडली नाही. तुमच्याकडे पडू शकते, लॅपटॉप वेगळा आहे.

प्लगइननं (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरनं) घूं कापत बसू नका, हेही सांगतो. मी ५०, १००, १५० वर चिरा दिल्या आणि घुमक्याचा सगळा खालचा भरणा त्याबरोबर गेला. त्या काळातल्या तीन रेकॉर्डिंग आजही पोकळ वाजतात. त्यातला एक वाजवणारा आता गावी नाही, परत घेता येणार नाहीत. हलगी घेताना लेव्हल खाली ठेवा, टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास आलं तरी पुरे. २४ बिटमध्ये काही हरवत नाही आणि शेकलेल्या हलगीचा पहिला ठोका मीटर दाखवतो त्याच्या आधीच फाटलेला असतो.

तुमच्याकडे नेमकं हेच असेल असं मी छातीठोक सांगत नाही. भाड्याचं घर असेल तर मालकाशी बोलावं लागेल. वायरिंग करणाऱ्यांपैकी काही जण तिसरं भोक दाखवून "अर्थ आहे की" म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. मी असे दोघे बघितले. मीटर लावून आकडा दाखवणारा माणूस बोलवा. आणि हे विचारा: गेल्या काही वर्षांत घरात नळाची लाइन बदलली का? मेन स्विचपाशी निघणारी हिरवी किंवा उघडी वायर शेवटी कुठं जाते ते डोळ्यांनी बघा.

वायरमन आला की फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ हे तीन आकडे इथं लिहा. मी मामांना विचारून सांगतो. तोवर लॅपटॉप बॅटरीवर, पायात चप्पल, आणि दुकानदाराला सांगा पिन तशीच राहू दे.